युनिटास ६४९७-१: टाळेबंदीतल्या दुरुस्तीच्या नोंदी

५ एप्रिल २०२०

यंत्र ईटीए/युनिटास ६४९७-१. हाताने चावी द्यायचे, व्यास ३६.६ मिमी, जाडी ४.५ मिमी, १७ ज्वेल (चाकांच्या दांड्यांची टोके ज्यात फिरतात ते खडे), ताशी १८,००० ठोके. सेकंदाचा छोटा काटा ९ च्या बाजूला. मुळात खिशातल्या घड्याळासाठी आखलेले यंत्र, त्यामुळे चाके मोठी, स्क्रू मोठे, आणि सगळे नजरेच्या टप्प्यात. पहिल्यांदा यंत्र उघडणाऱ्याने यावरच हात बसवावा. लहान लेडीज यंत्राने सुरुवात केली, तर चुका दिसतच नाहीत, फक्त घड्याळ बंद पडते.

तक्रार: पूर्ण चावी देऊन २६ तासांत थांबते आणि रोज पाऊण मिनिट मागे पडते. मागचे झाकण काढून भिंगातून पाहिले. पाणी शिरल्याची खूण नाही, गंज नाही. ज्वेलच्या वाट्यांत तेलाऐवजी तपकिरी कडे दिसते.

स्क्रूला हात लावण्याआधी मोजमाप. मोजायचे यंत्र मागवणे सध्या शक्य नाही. त्याऐवजी मोबाइलवरचे टाइमग्राफर अ‍ॅप आणि तारेच्या इअरफोनचा माइक. माइक यंत्राच्या कडेला टेकवून रबरबँडने बांधला, खाली घडी घातलेला टॉवेल. पंखा बंद. बाहेर वाहने नाहीत, त्यामुळे आवाज एरवीपेक्षा स्वच्छ येतो.

अ‍ॅपने झोका २४६ अंश दाखवला. (झोका म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड: बॅलन्स, म्हणजे ताल धरणारे झुलते चाक, मधल्या स्थितीपासून एका बाजूला किती अंश फिरतो ते.) २४६ वाचून यंत्र बरे आहे असा समज होईल, पण तो चुकीचा. अ‍ॅपमध्ये लिफ्ट अँगल (प्रत्येक ठोक्याला धक्का मिळताना बॅलन्स जितका फिरतो तो कोन) आधीपासून ५२ अंश भरलेला होता. ६४९७-१ चा लिफ्ट अँगल ४४ अंश आहे. अ‍ॅप झोका प्रत्यक्ष पाहत नाही. पॅलेट फोर्क, म्हणजे चाकांची ताकद बॅलन्सला देणारा खटका, त्याच्या आवाजांमधले अंतर मोजते आणि लिफ्ट अँगल धरून गणित करते, म्हणून चुकीचा कोन भरला की उत्तर त्याच प्रमाणात फुगते. २४६ ला ४४ ने गुणून ५२ ने भागले की २०८. कोन दुरुस्त केल्यावर अ‍ॅपही २०८ च दाखवते.

पूर्ण चावी, अर्धा तास चालू दिल्यावर:
डायल वर: रोज −४८ सेकंद, झोका २०८, बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या अंतरांतला फरक) ३.१ मिलिसेकंद.
डायल खाली: −५५, झोका १८१.
चावी (दांड्यावरची गोल मूठ) खाली: −८०, झोका १६३.

सुस्थितीतल्या यंत्राचा झोका पूर्ण चावीवर, आडव्या स्थितीत, २७० ते ३१० अंश हवा. रेग्युलेटर (वेळ पुढेमागे करायची छोटी दांडी) सरकवून ४८ सेकंद आजही काढता येतील. पण झोका कमी असताना वेळ जुळवणे म्हणजे ताप असताना थर्मामीटर झटकणे. वेळेला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. आधी झोका.

होकायंत्राची चाचणीही केली. चालत्या यंत्राचा बॅलन्स सुईवर धरला. सुई थरथरली असती, तर हेअरस्प्रिंगमध्ये (बॅलन्सला झुलवणारी बारीक स्प्रिंग) चुंबकत्व असते. ती स्थिर राहिली.

७ एप्रिल

हत्यारे आणि द्रव यांची जमवाजमव.

स्क्रू ड्रायव्हर ०.८०, १.००, १.२०, १.६० आणि २.०० मिमी. पाती तेलदगडावर घासून घेतली. पात्याची रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी हवी आणि जाडी अशी, की खाचेच्या तळाला टोक न टेकता पाते दोन्ही भिंतींना धरेल. धारदार पाते तळाला टेकते आणि उसळून पुलावर (चाके वरून धरणारी पट्टी) ओरखडा काढते. नवख्या हाताने उघडलेले यंत्र ओळखायचे, ते याच ओरखड्यांवरून.

चिमटे: ३ नंबर साध्या कामाला, ५ नंबर फक्त हेअरस्प्रिंगला. काटे उचलण्याच्या दोन पट्ट्या, रबरी हवेचा फुगा, रोडिको (मळ टिपणारी चिकट पुट्टी), १० पट भिंग आणि रोजच्या कामाला ३.३ पट. ऑइलरऐवजी दोन बारीक सुया, टोके दगडावर चपटी करून. हातमोज्यांची सध्या रुग्णालयांना गरज आहे, त्यामुळे तीन बोटांना रबरी टोप्या.

द्रवांबद्दल सविस्तर, कारण घरोघरी सॅनिटायझरची बाटली आहे आणि तीच वापरण्याचा मोह होतो. वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रात आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के, ग्लिसरॉल १.४५ टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५ टक्के आणि बाकी पाणी असते. पाण्याने पोलादी पिनियनला (चाकाच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक) गंज चढतो. ग्लिसरॉल उडून जात नाही; ज्वेलमध्ये चिकट थर होऊन राहते. हातांच्या कातडीसाठी जे चांगले, ते घड्याळाला मारक.

पहिल्या दोन धुण्यांना नॅफ्था, म्हणजे लायटरमध्ये भरायचे इंधन. शेवटच्या खंगाळणीला ९९ टक्के आयसोप्रोपिल. यातही एक पथ्य आहे. पॅलेट फोर्कचे दोन खडे आणि बॅलन्सखालची इम्पल्स पिन लाखेने बसवलेली असते, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे दोन भाग फक्त नॅफ्थात. नॅफ्थाची वाफ पेट घेते, म्हणून खिडकी उघडी, स्वयंपाकघरापासून दूर, एका वेळी काचेच्या वाटीत ३० मिलिलिटरपेक्षा जास्त नाही.

तेले: मोबियस ९०१० वेगवान चाकांना आणि बॅलन्सला, एचपी १३०० सावकाश फिरणाऱ्या भागांना, ९४१५ पॅलेटच्या खड्यांना, ८३०० ग्रीस चावीच्या यंत्रणेला आणि मेनस्प्रिंगला (चावीचा ताण साठवणारी मुख्य स्प्रिंग). बाटल्या छोट्या असल्या, तरी एका यंत्राला सगळे मिळून एक थेंबही लागत नाही.

पेगवुड संपलेले आहे. ज्वेलची भोके साफ करायला बांबूचे टूथपिक तासून घेतले. यावर २५ एप्रिलची नोंद पाहावी.

११ एप्रिल

उघडणे. प्रत्येक पायरीला एक फोटो. स्क्रूंसाठी जाड कागदावर यंत्राची आकृती काढून दुहेरी चिकटपट्टी लावली. स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटवायचा.

पहिले काम ताण सोडण्याचे. चावी बोटांत घट्ट धरून रॅचेट व्हीलशेजारचा क्लिक (ते चाक उलटे फिरू न देणारा खटका) लाकडी काडीने मागे ओढला आणि चावी बोटांतून हळूहळू फिरू दिली. ताण असताना पॅलेट फोर्क काढला, तर सगळी गाडी (चाकांची साखळी) एकदम सुटते आणि पिव्हट (दांड्यांची बारीक टोके) मोडतात. टाळेबंदीत मोडलेला पिव्हट म्हणजे संपलेले काम.

चावीचा दांडा: या यंत्रात सेटिंग लिव्हरचा स्क्रू सैल करून दांडा निघतो. एक, फार तर दोन फेरे. त्याहून जास्त फिरवला, तर लिव्हर डायलच्या बाजूला सुटून पडतो आणि दांडा पुन्हा बसवायला काटे व डायल काढण्याशिवाय मार्ग उरत नाही. अर्धा-अर्धा फेरा देत दांडा हलका ओढून पाहिला. दीड फेऱ्यात निघाला.

काटे काढताना डायलवर पातळ प्लास्टिक, वर दोन्ही पट्ट्या एकाच वेळी दाबून. डायलचे दोन पाय मुख्य प्लेटच्या कडेच्या स्क्रूंनी धरलेले. तेही पूर्ण काढायचे नाहीत, सैल करायचे. कॅनन पिनियन (मिनिटाचा काटा बसतो ती नळी) सरळ वर ओढून निघाले. तिरके ओढले असते, तर सेंटर व्हीलचा दांडा वाकला असता.

बॅलन्स कॉकचा (बॅलन्सचा पूल) एक स्क्रू काढून कॉक उचलला. बॅलन्स हेअरस्प्रिंगवर लटकत वर येतो; खाली अडकला असेल तर किंचित फिरवून मोकळा करावा, ओढू नये. मग पॅलेट ब्रिज, पॅलेट फोर्क, रॅचेट व्हील, क्राउन व्हील, दोन्ही पूल, चाके, बॅरल (मेनस्प्रिंगचा डबा). बऱ्याच यंत्रांत क्राउन व्हीलचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. सुटत नसेल तर जोर वाढवण्याआधी दुसऱ्या दिशेने हलके फिरवून पाहावे. इथे डोके तुटले, तर ते काढणे हा स्वतंत्र प्रकल्प होतो.

पूल उचलायला कडेला खास खाचा असतात. पाते तिथेच घालावे.

१२ एप्रिल

निरीक्षण, १० पट भिंगातून.

चाकांचे दात ठीक. एस्केप व्हीलचे १५ दात सरळ. पिव्हटवर ओरखडे नाहीत, पण सेंटर व्हीलच्या खालच्या पिव्हटवर वाळलेल्या तेलाचा तपकिरी लेप आहे. हेअरस्प्रिंगचे वेढे सारख्या अंतरावर, सपाट, बाजूने पाहता उंचसखल नाहीत. पॅलेटच्या बाहेरच्या खड्यावर काळा मळ.

मेनस्प्रिंग बॅरलमधून काढल्यावर निकोप असती, तर मोकळी होऊन उलट्या एस आकारात पसरली असती. ही सैलसर गोल वेटोळ्यातच बसून राहिली. निळसर पोलादी स्प्रिंग, म्हणजे जुन्या पद्धतीची. ही वर्षानुवर्षे दबून थकते. पांढऱ्या मिश्रधातूची क्वचितच थकते. बदलायला हवी, पण पार्सले बंद आहेत. मापे घेऊन ठेवली: रुंदी, जाडी, लांबी आणि बॅरलचा आतला व्यास. नवी मागवताना ही चारही लागतात. नुसते यंत्राचे नाव सांगून चुकीची येऊ शकते.

तोवर हीच स्प्रिंग धुऊन वापरायची. शेवटच्या आकड्यांत तिचा वाटा वेगळा काढता आला पाहिजे, हे ध्यानात ठेवून पुढचे काम.

१८ एप्रिल

धुणे. पहिल्या नॅफ्थात १० मिनिटे, मऊ ब्रशने प्रत्येक भाग. दुसऱ्या ताज्या नॅफ्थात ५ मिनिटे. प्लेट, पूल आणि चाके यांची आयसोप्रोपिलमध्ये एक मिनिट खंगाळणी. लगेच हवेच्या फुग्याने वाळवणे, कारण आपोआप वाळू दिले, तर थेंबाच्या कडेचा डाग राहतो. पॅलेट फोर्क वेगळ्या वाटीत, फक्त नॅफ्था. बॅलन्स कॉकसकट नॅफ्थात सोडून हळू हलवला, मग टिशूवर टेकवून फुग्याने अगदी दुरून हवा.

प्रत्येक ज्वेलच्या भोकात टूथपिकचे तासलेले टोक फिरवले. मळले की पुन्हा तासायचे, टोक स्वच्छ निघेपर्यंत. सेंटर व्हीलच्या खालच्या भोकाला नऊ वेळा तासावे लागले. भिजवून सगळी घाण निघत नाही. जुने तेल ज्वेलला लाखेसारखे चिकटते. ते घासूनच निघते.

इन्काब्लॉकची (बॅलन्सच्या टोकांना धक्क्यापासून वाचवणारी बैठक) वीणेच्या आकाराची स्प्रिंग उघडताना दोन्ही टोके खाचेतून सरकवून मग वर उचलायची. उडण्याची शक्यता जास्त, म्हणून हात आणि प्लेट पारदर्शक पिशवीत घालून. वरची व खालची, दोन्ही बाजूंची टोपी-ज्वेल (पिव्हटच्या टोकावर बसणारा सपाट खडा) नॅफ्थात टाकली.

१९ एप्रिल

मेनस्प्रिंग बॅरलमध्ये परत. वाइंडर नाही, हातानेच. आधी बाहेरचे टोक बॅरलच्या भिंतीतल्या आकड्यात, मग अंगठ्याने एकेक वेढा आत दाबत बॅरल फिरवायचे. धोका असा, की हाताने भरताना वेढे वर खेचले जाऊन स्प्रिंग शंकूसारखी होते. मग तिची कड झाकणाला घासते आणि ताकद तिथेच मरते. म्हणून दर दोन वेढ्यांनी बाजूने पाहून सपाटपणा तपासला. बोटाचा घाम स्प्रिंगवर राहिला, तर तिथे गंज धरतो. टोप्या घातल्याशिवाय हात लावू नये.

भरण्याआधी ८३०० चा अगदी पातळ हात, टिशूने पुसून उरेल तेवढाच. आर्बरच्या (बॅरलचा मधला दांडा) दोन्ही टोकांना एचपी १३००. झाकण सगळीकडून सारखे दाबत बसवले, 'टक्' आवाज आला. आर्बर वरखाली किंचित हलतो. तेवढी सूट हवीच.

२५ एप्रिल

कोरडी जोडणी. तेल न घालता फक्त बॅरल, चाके आणि पूल. पॅलेट फोर्क नाही. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नंतर झोका कमी आला की तेलावर खापर फोडतात.

पूल बसवताना स्क्रू आवळण्याआधी प्रत्येक पिव्हट आपापल्या ज्वेलमध्ये गेला आहे हे चाक हलवून पाहायचे. पूल बोटाने जेमतेम दाबून धरला आणि चिमट्याने चाके हलवली. शेवटचे चाक आत गेले तेव्हा पूल स्वतःच खाली बसला. जोर देऊन बसणारा पूल पिव्हट मोडतो, हे कायमचे लक्षात ठेवावे. मग प्रत्येक चाक वर उचलून पाहिले. प्रत्येकाला डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकी, मिलिमीटरच्या काही शतांश भागांची उभी सूट हवी. सगळ्यांना आहे.

रॅचेट व्हील दोन दात फिरवून सोडले. गाडी पळाली आणि थांबली. थांबायला नको होती तशी, एकदम. मोकळी गाडी ताण संपल्यावर क्षणभर उलटी फिरते, आणि एस्केप व्हील मागे झुलताना दिसते. इथे ती झुलली नाही. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तसेच.

चाके एकेक करून शोधली. फक्त बॅरल आणि सेंटर व्हील: मोकळे. तिसरे चाक घातले: मोकळे. चौथे घातले: अडखळले. चौथ्या चाकाच्या पिनियनच्या दोन पानांमध्ये एक तंतू, केसाहून बारीक, पिवळसर. बांबूचा.

बांबूचे तंतू लांब आणि सुटे असतात. टोक तासले की कडेला कूस उभी राहते आणि भोकात फिरवताना तुटून आत राहते. पेगवुडचे लाकूड दाट असते, ते असे सुटत नाही. यापुढे बांबू बंद. जुन्या रंगाच्या ब्रशच्या लाकडी दांड्याची काडी तासून पाहिली. तीही कूस सोडते, पण कमी. सगळ्या ज्वेल पुन्हा तपासल्या. आणखी एक तंतू एस्केप व्हीलच्या वरच्या ज्वेलमध्ये सापडला. दोन्ही रोडिकोने काढले आणि चाके पुन्हा धुतली.

आता ताण संपल्यावर एस्केप व्हील स्पष्ट मागे झुलते.

२६ एप्रिल

तेल घालणे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि बहुतेक चुका जास्त तेलाच्या असतात. जास्त झालेले तेल जागेवर राहत नाही. पृष्ठभागावरून पसरत जाते आणि ज्या पिव्हटसाठी घातले तोच कोरडा पडतो.

गाडीच्या ज्वेल: वाटीच्या अर्ध्यापेक्षा कमी, पिव्हटभोवती बारीक चमकदार कडे दिसेल इतके. सेंटर व्हीलला एचपी १३००, बाकी चाकांना ९०१०.

टोपी-ज्वेल: सपाट बाजूच्या मधोमध ९०१० चा एक थेंब, व्यासाच्या साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश. सपाट बाजू पिव्हटकडे. टोपी बसवल्यावर वरून पाहिले, तर थेंब गोल आणि मध्यभागी दिसायला हवा. एका बाजूला ओढलेला दिसला, तर काढून पुन्हा.

पॅलेट फोर्कच्या पिव्हटना तेल नाही. फोर्क सेकंदाला पाच वेळा जेमतेम काही अंश हलतो. तिथे तेलाने घर्षण वाचण्यापेक्षा चिकटपणाच जास्त आडवा येतो. इम्पल्स पिनला नाही, फोर्कच्या शिंगांना नाही, हेअरस्प्रिंगला तर कधीच नाही.

पॅलेटच्या खड्यांना ९४१५. बाहेरच्या खड्याच्या उताराच्या पृष्ठभागावर सुईने टिपका ठेवायचा, मग फोर्क हाताने इकडून तिकडे करत पाच दात पुढे जाऊ द्यायचे, आणि पुन्हा टिपका. तीन टिपक्यांत पंधरा दात पुरे होतात. ९४१५ स्थिर असताना ग्रीससारखे घट्ट राहते आणि ठोका बसला की पातळ होते, म्हणून दाताबरोबर उडून जात नाही.

बॅलन्स बसवण्याआधी चावीला दोन फेरे. फोर्कला सुईने किंचित ढकलले की तो उरलेले अंतर स्वतः उडी मारून पार करतो. दोन्ही बाजूंना. हे जमले म्हणजे ताकद फोर्कपर्यंत पोचते आहे.

बॅलन्स ठेवला. इम्पल्स पिन फोर्कच्या खाचेत गेली, आणि कॉकचा स्क्रू आवळण्याआधीच चालू झाला. स्क्रू आवळताना बॅलन्स थांबला असता, तर पिव्हट ज्वेलच्या बाहेर असता आणि लगेच सैल करावा लागला असता.

२ मे

एक दिवस चालू ठेवून, चावी भरून, मोजमाप.
डायल वर: झोका २६२.
डायल खाली: झोका २२६.
चावी खाली: २२१.

डायल वर बरेच सुधारले. खाली ३६ अंश कमी. दोन आडव्या स्थितींमध्ये १० अंशांपर्यंतचा फरक सोडून द्यावा, ३६ चा नाही. आणि हा फरक पहिल्या दिवशीही होता: २०८ आणि १८१. धुऊन बाकी सगळे सुधारले, हे तेवढे उरले.

दोन्ही आडव्या स्थितींत मेनस्प्रिंग तीच, गाडी तीच, पॅलेट तोच. बदलते एवढेच, की बॅलन्सचा दांडा कोणत्या टोकावर उभा आहे. डायल वर असताना वजन मुख्य प्लेटकडच्या पिव्हटवर नसते, कॉककडच्यावर असते; डायल खाली केली की प्लेटकडच्यावर. म्हणजे दोष प्लेटकडच्या टोकाला: पिव्हटचे टोक चपटे झाले असेल किंवा टोपी-ज्वेल खराब असेल. थकलेल्या मेनस्प्रिंगला यात दोष देता येत नाही. तिने दोन्ही आकडे सारखेच खाली आणले असते. हे मांडण्याआधी कॉककडची टोपी उघडायचा विचार होता.  यंत्र हातात धरून उलटे करून पाहिले की गोंधळ सुटतो.

३ मे

प्लेटकडचे इन्काब्लॉक उघडले. पिशवीतच. पिव्हटचे टोक भिंगाखाली गोल आणि चकचकीत. टोपी-ज्वेल प्रकाशात तिरकी धरल्यावर सपाट बाजूवर मधोमध पुसट कडे दिसले, सरळ पाहता न दिसणारे. जुन्या तेलाचे वार्निश. नॅफ्थात भिजूनही राहिले, कारण १८ तारखेला ही टोपी भिजवली, पण घासली नाही. भोके घासली आणि टोप्या विसरल्या गेल्या.

ज्वेल तांबड्या दगडाची, पारदर्शक. मळाचा रंग तिच्यात लपतो. टोपी चामड्याच्या तुकड्यावर सपाट बाजू खाली ठेवून आयसोप्रोपिलच्या एका थेंबात बोटाने गोल गोल वीस वेळा घासली. (टोपीला लाख नाही, इथे अल्कोहोल चालते.) कडे गेले. कॉककडच्या टोपीलाही तसेच केले. ताजे तेल, बंद.

डायल वर २६६. डायल खाली २६१. चावी खाली २३७.

आता वेळेकडे जाता येईल.

९ मे

बीट एरर ३.१ होता, तो तसाच. यामुळे झोका कमी होत नाही, पण थांबलेले घड्याळ चावी दिल्यावर स्वतःहून सुरू व्हायला कचरते. या यंत्राचा स्टड-धारक (हेअरस्प्रिंगचे बाहेरचे टोक धरणारा भाग) हलणारा आहे, त्यामुळे हेअरस्प्रिंगचा कॉलर फिरवण्याची जोखीम घ्यावी लागली नाही. धारक अगदी किंचित ढकलला: ४.६. उलट दिशा. परत आणला आणि पुढे: १.९, १.०, ०.३. तिथे थांबवले. ०.५ च्या आत आल्यावर आणखी मागे लागू नये. त्यात चिमटा घसरून हेअरस्प्रिंगला लागण्याचा धोका जास्त.

धारक हलला की वेळही बदलते, म्हणून रेग्युलेटर नंतर. रेग्युलेटरच्या पिना स्टडपासून दूर नेल्या की स्प्रिंगची चालती लांबी कमी होते आणि घड्याळ पुढे जाते. जवळ आणल्या की मागे. डायल वर +६ वर आणून सोडले.

१६ मे

चावीची यंत्रणा, डायल, काटे. क्लच आणि दांड्याच्या चौकोनी भागाला ८३००. कॅनन पिनियनच्या आत एचपी १३००, अगदी थोडे. हे कोरडे राहिले, तर काटे फिरवताना सेंटर व्हीलचा दांडा कापला जातो. फार झाले, तर काटे मागे राहतात आणि यंत्र मात्र बरोबर चालत असते. अशा घड्याळाची वेळ टाइमग्राफरवर अचूक आणि डायलवर चुकीची दिसते.

तासाचा काटा ठीक १२ वर, मग मिनिटाचा. ३, ६, ९ वर फिरवून तासाचा काटा खुणेवर येतो का ते पाहिले. बाजूने पाहता काट्यांमध्ये प्रकाशाची फट हवी.

२४ मे

चोवीस तासांनंतर, पुन्हा चावी न देता: डायल वर झोका १९६, दर +१९. थांबले ३७ व्या तासाला. या यंत्राने साधारण ४६ तास चालायला हवे.

गाडी मोकळी आहे, टोप्या साफ आहेत, पूर्ण चावीवर झोका २६६ आहे. पण ताण उतरला की ताकद झपाट्याने पडते. आता दोष मेनस्प्रिंगचाच, आणि तो एकटा उरला आहे म्हणूनच एवढ्या खात्रीने लिहिता येतो. एप्रिलमध्ये स्प्रिंग बदलता आली असती, तर झोका वाढला असता आणि टोपीवरचे वार्निश तसेच राहिले असते.

१३ जून

पार्सले सुरू झाली. नवी स्प्रिंग, पांढरा मिश्रधातू, चारही मापे जुळतात. धातूच्या कड्यात गुंडाळून येते. कडे बॅरलवर ठेवून बोथट लाकडी काडीने सरळ आत ढकलायची. त्याआधी गुंडाळीची दिशा बॅरलशी ताडून पाहावी. उलटी गेली, तर आतले टोक आर्बरच्या आकड्यात अडकत नाही आणि ती बाहेर काढून हाताने भरावी लागते. ही आधीच तेललेली होती, वर काही लावले नाही.

पूर्ण चावी, अर्धा तास:
डायल वर: +४, झोका २९४.
डायल खाली: +२, झोका २९१.
चावी वर: −५, झोका २६५.
चावी डावीकडे: −१, झोका २६८.
चावी उजवीकडे: −३, झोका २६३.
चावी खाली: −७, झोका २६१.
बीट एरर ०.३.

२४ तासांनंतर डायल वर: +७, झोका २४१. एकूण चालले ४७ तास.

झोका २९४ म्हणजे वर अजून जागा आहे. ३३० च्या पुढे गेला असता, तर इम्पल्स पिन फोर्कच्या शिंगांना बाहेरून आपटून घड्याळ एकदम खूप पुढे धावले असते. थकलेल्या स्प्रिंगच्या जागी जास्त जाड स्प्रिंग बसवल्यावर हे होते. म्हणून मापातलीच घ्यावी.

रेग्युलेटरला आज हात लावला नाही. तेल बसायला आठवडा द्यायचा, मग डायल वरचे +४ पाहून ठरवायचे. मागच्या झाकणाच्या रबरी कड्याला चीर आहे. नवे येईपर्यंत घड्याळ पाण्यापासून दूर ठेवायचे.

२० जून

डायल वर +५, झोका २९०. रेग्युलेटर तसाच ठेवला. झाकण बंद.